डिस्टिलरीच्या जुन्या माणसाच्या नावाची जुनी स्कॉच: घेण्याआधी, घेताना आणि घेतल्यावर

स्कॉटलंडमध्ये अधूनमधून अशी एक बाटली बाजारात येते, जिच्यावर डिस्टिलरीच्या नावाइतकंच ठळक एका माणसाचं नाव असतं. हा माणूस सहसा मालक नसतो. आयुष्यभर तिथे राबलेला व्यवस्थापक किंवा मास्टर डिस्टिलर असतो. आत तीस, चाळीस, क्वचित साठ वर्षं पिंपात मुरलेली व्हिस्की असते, बाटल्या मोजक्या निघतात आणि किंमत ऐकून हातातला पेला खाली ठेवावासा वाटतो.

मी अबर्डीनला राहतो. इथून स्पेसाइडचा डिस्टिलऱ्यांचा पट्टा जवळ, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांकडून एकच प्रश्न वारंवार येतो: "अशी एखादी बाटली घ्यायची आहे, काय बघू?" कुणाला वडिलांच्या पंच्याहत्तरीला द्यायची असते, कुणी गुंतवणूक म्हणून विचारतं, कुणाला नुसतं समजून घ्यायचं असतं. हे लिखाण तिघांसाठी आहे. समजावताना एकच खरं उदाहरण शेवटपर्यंत धरतो: ग्लेन ग्रँटची डेनिस माल्कम यांच्या नावाची साठ वर्षांची व्हिस्की.

१. आधी माणूस ओळखा

ग्लेन ग्रँट रोथेस या छोट्या गावात आहे. जॉन आणि जेम्स ग्रँट या भावांनी १८४० मध्ये ती सुरू केली. डेनिस माल्कम यांचा जन्म १९४६ मध्ये डिस्टिलरीच्या आवारातच झाला. १९६१ मध्ये, पंधराव्या वर्षी, ते पिंपं बांधण्या-दुरुस्तीच्या कामावर उमेदवार म्हणून लागले आणि पुढे व्यवस्थापक झाले. मधली काही वर्षं त्यांनी दुसऱ्या डिस्टिलऱ्या सांभाळल्या आणि २००६ मध्ये कंपारी कंपनीने ग्लेन ग्रँट घेतल्यावर परत आले. २०१६ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा ओबीई हा किताब मिळाला. त्यांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून २०२१ मध्ये ही व्हिस्की बाहेर काढली: ऑक्टोबर १९६० मध्ये भरलेलं ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनचं एकच पिंप, ३६० डिकँटर (काचेच्या खास बाटल्या), ताकद म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण ५२.८ टक्के, किंमत सुमारे २५,००० पौंड.

तारखा पुन्हा वाचा. पिंप भरलं १९६० मध्ये आणि माल्कम कामावर लागले १९६१ मध्ये. म्हणजे ही दारू त्यांनी गाळलेली नाही. त्यांचा संबंध सांभाळण्याचा आहे: असं पिंप गोदामात राहू देणं, त्याचे नमुने घेत राहणं आणि ते कधी फोडायचं हे ठरवणं. माझ्या मते हा संबंध गाळण्यापेक्षा कमी नाही. साठ वर्षांत ते पिंप विकून टाकायचा मोह व्यवस्थापनाला कितीतरी वेळा झाला असेल.

आता आयला बेटावरच्या लाफ्रॉइग डिस्टिलरीकडे पाहा. इयन हंटर हे तिथले मालक-व्यवस्थापक, ते १९५४ मध्ये वारले. त्यांच्या नावाची मालिका २०१९ पासून येऊ लागली, तिचा पहिला भाग तीस वर्षांचा. हंटर गेल्यानंतर कित्येक वर्षांनी ती दारू गाळली गेली. त्यांच्यानंतर डिस्टिलरी चालवणाऱ्या बेसी विल्यमसन १९३४ मध्ये तात्पुरत्या टायपिस्ट म्हणून आल्या आणि १९७२ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या नावाच्या पंचवीस वर्षांच्या बाटलीचंही तसंच आहे. दारू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे नाव म्हणजे निव्वळ आदरांजली आहे, आणि "त्यांच्या हातची व्हिस्की" असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर हात आखडता घ्या.

म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन करायचं. गाळण्याचं वर्ष, बाटलीत भरण्याचं वर्ष, माणूस कामावर कधी आला, कधी गेला. ही चार वर्षं एका रेषेवर मांडली की जाहिरातीतलं निम्मं काव्य गळून पडतं.

एक सापळा इथेच सांगतो. लेबलवर "मॅनेजर्स ड्रॅम" किंवा "मॅनेजर्स चॉइस" लिहिलं असेल तर ती कुणा व्यवस्थापकाच्या सन्मानार्थ काढलेली नसते. पहिली मालिका कंपनीच्या नोकरवर्गासाठी भरली जायची, दुसरी २००९ च्या सुमारास विक्रीला आलेली एकेका पिंपाची निवड होती. संग्राहकांना दोन्ही आवडतात, पण वस्तू वेगळी आहे.

२. लेबल वाचायला शिका

स्कॉच व्हिस्कीचे नियम २००९ चे आहेत आणि ते तुमच्या बाजूचे आहेत. दारू स्कॉटलंडमध्येच, जास्तीत जास्त ७०० लिटरच्या ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं मुरायला हवी. बाटलीत तिची ताकद ४० टक्क्यांच्या खाली चालत नाही. लेबलवर वय लिहिलं असेल तर ते आतल्या सगळ्यांत तरुण व्हिस्कीचं वय असतं. "साठ वर्षं" लिहिलंय म्हणजे एक थेंबही त्याहून कोवळा नाही.

वयानंतर टक्केवारीकडे बघा. नव्याने गाळलेली दारू पिंपात भरताना सहसा ६३.५ टक्क्यांच्या आसपास असते. स्कॉटलंडच्या दमट, थंड गोदामात पाणी आणि अल्कोहोल दोन्ही उडतात, पण अल्कोहोल जास्त वेगाने, म्हणून वर्षागणिक ताकद उतरत जाते. एखादं जुनं पिंप ४० च्या खाली घसरलं की कायद्याने ते स्कॉच म्हणून विकताच येत नाही. साठ वर्षांनंतर ५२.८ टक्के उरणं म्हणूनच विशेष. उलट पन्नास वर्षांची व्हिस्की ४०.३ टक्क्यांवर असेल तर ती अगदी काठावर असताना बाहेर काढली आहे हे समजून घ्या. चांगली असू शकते, पण बऱ्याचदा लाकडाचा कडवटपणा वर येतो.

प्रमाणाचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दर वर्षी सुमारे दोन टक्के दारू हवेत जाते असं स्कॉटलंडमध्ये धरतात, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. ५०० लिटरचं शेरीचं पिंप धरलं तर दोन टक्क्यांनी साठ वर्षांनंतर दीडशे लिटर उरायला हवेत, म्हणजे सत्तर सेंटिलिटरच्या दोनशेच्या वर थोड्या बाटल्या. ३६० डिकँटर म्हणजे अडीचशे लिटर. म्हणजे घट नेहमीपेक्षा बरीच कमी झाली असणार. गोव्यात पॉल जॉन या भारतीय व्हिस्कीच्या गोदामात ही घट वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते. त्या हिशेबाने वीस वर्षांत पिंपात पाचवा हिस्साही राहत नाही. आपल्याकडच्या सिंगल माल्टवर (एकाच डिस्टिलरीत निव्वळ माल्ट केलेल्या बार्लीपासून काढलेल्या व्हिस्कीवर) मोठं वय न दिसण्याचं कारण हेच. त्यावरून तिला कमी लेखू नका.

भट्टीचाही विचार करा. ग्लेन ग्रँटच्या तांब्याच्या भट्ट्या उंच आणि सडपातळ आहेत, आणि प्रत्येकीला जड वाफ परत आत ढकलणारं प्युरिफायर जोडलेलं आहे. संस्थापकांच्या पुढच्या पिढीतल्या 'मेजर' जेम्स ग्रँट यांनी ही पद्धत आणली. त्यातून हलकी, फळांच्या सुवासाची दारू निघते. इटलीत यांची पाच वर्षांची फिकट व्हिस्की तुफान खपली ती याच हलकेपणामुळे. असली नाजूक दारू शेरीच्या पिंपात साठ वर्षं ठेवणं धोक्याचं असतं, लाकूड तिला गिळून टाकू शकतं. एक पिंप टिकलं म्हणून सगळी टिकतात असं नाही. वय म्हणजे दर्जा, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. मला स्वतःला पंचवीस ते तीसच्या मधल्या स्पेसाइड व्हिस्की बहुतेक पन्नाशीच्या व्हिस्कींपेक्षा जास्त आवडतात, आणि हे बोलून दाखवायला मी आता लाजत नाही.

लेबलवर बघायची शेवटची गोष्ट: बाटली कुणी भरली. डिस्टिलरीने स्वतः, की स्वतंत्र कंपनीने? एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेलकडे ग्लेन ग्रँटची फार जुनी पिंपं आहेत. १९४८ मध्ये गाळलेली, ७२ वर्षांची ग्लेन ग्रँट त्यांनी विकली आहे. त्यामुळे "सर्वांत जुनी ग्लेन ग्रँट" असं कुणी म्हटलं की लगेच विचारा: सर्वांत जुनी, की डिस्टिलरीने स्वतः काढलेल्यांपैकी जुनी?

३. मोठी बाटली घेण्याआधी धाकटी भावंडं चाखा

ज्या डिस्टिलरीची दहा वर्षांची व्हिस्की तुम्हाला आवडत नाही, तिच्या साठ वर्षांच्या व्हिस्कीवर पैसे घालू नका. ग्लेन ग्रँटच्या बाबतीत माझा सल्ला: आधी दहा वर्षांची, मग पन्नास टक्क्यांची पंधरा वर्षांची, मग अठरा वर्षांची. या क्रमाने गेलात तर वय वाढल्यावर काय बदलतं आणि काय हरवतं हे जिभेला कळतं.

स्कॉटलंडला येणार असाल तर रोथेसला जाच. अबर्डीनहून एल्गिनपर्यंत रेल्वे आहे, तिथून बस. डिस्टिलरीमागे मेजर ग्रँटने घडवलेली मोठी बाग आहे. ओढ्याच्या कडेला खडकात एक तिजोरी आहे, तिच्यात तो पाहुण्यांसाठी व्हिस्की ठेवायचा. शिकारीसाठी भारतात आणि आफ्रिकेत हिंडलेला हा गडी. बागेसाठी तासभर वेगळा ठेवा, फक्त टेस्टिंग करून पळू नका.

गाडी भाड्याने घेऊन डिस्टिलऱ्या फिरायचा बेत असेल तर थांबा. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून वाहनचालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडच्या ८० पेक्षा बरीच कमी. एका टेस्टिंगमध्येही ती ओलांडू शकता. जो चालवणार त्याने चाखायचं नाही. बहुतेक ठिकाणी त्याचा वाटा छोट्या कुपीत भरून देतात, मागून घ्या.

महागड्या बारमध्ये पेल्याने जुनी व्हिस्की मागवणं हा दुसरा मार्ग. तिथेही डोळे उघडे ठेवा. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलात एका पाहुण्याने १८७८ ची मॅकॅलन ही स्पेसाइडची सिंगल माल्ट म्हणून एका पेल्याला सुमारे दहा हजार फ्रँक मोजले. तपासणीत ती १९७० च्या दशकातली निघाली, आणि सिंगल माल्टही नव्हती. बाटली फोडलेली होती हॉटेलनेच, आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं.

४. कुठून घ्यायची

नवीन निघालेली बाटली डिस्टिलरीकडून किंवा नावाजलेल्या दुकानातून. जुनी झालेली, दुकानातून संपलेली बाटली बहुतेक वेळा लिलावातूनच मिळते. ग्लासगो आणि पर्थमध्ये फक्त व्हिस्कीचे ऑनलाइन लिलाव करणारी घरं आहेत, आणि सॉदबीज, बोनम्ससारखी जुनी घरंही व्हिस्की विकतात.

लिलावात नवखा माणूस ज्या आकड्याकडे बघतो तो आकडा द्यायचाच नसतो. समजा, हातोडा १,००० पौंडांवर पडला आणि लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन दहा टक्के आहे. त्या १०० पौंडांवर वीस टक्के व्हॅट, म्हणजे १२० पौंड वर. मग पाठवणी, विमा, आणि काही ठिकाणी नोंदणीचं शुल्क. कमिशन दर घरागणिक बदलतं, मोठ्या जुन्या घरांत दहापेक्षा बरंच जास्त असतं. बोली लावण्याआधी सगळं मिळून किती हे ठरवा, तिथून मागे येत बोलीचा आकडा काढा आणि तो यंत्रणेत कमाल बोली म्हणून टाकून लॅपटॉप बंद करा. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ वाढत जातो, आणि रात्री अकराला माणूस शहाणा नसतो.

बाटलीच्या फोटोंत बघायचं ते असं: दारूची पातळी मानेपर्यंत आहे का, झाकणावरचं आवरण मूळचं आहे का, बाटलीचा क्रमांक प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळतो का, पेटी आणि पुस्तिका सोबत आहे का. सन्मानाच्या बाटल्यांमध्ये पेटी आणि सहीचं प्रमाणपत्र नसेल तर पुढे विकताना किंमत बरीच पडते. आणि आधीचा मालक कोण, बिल आहे का, हे विचारायला लाजू नका. जमीन घेताना सातबारा मागतो तसं हे.

नकली मालाची भीती खरी आहे. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या विद्यापीठांच्या संयुक्त प्रयोगशाळेने ५५ जुन्या दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ खोट्या निघाल्या. तपासणीचं तत्त्व मजेशीर आहे. १९५० च्या दशकापासून झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ वाढवलं, १९६३ च्या सुमारास ते शिगेला पोचलं. बार्ली वाढताना हवेतला कार्बन घेते, म्हणून व्हिस्कीत पीक कोणत्या काळातलं याची खूण राहते. १९०० ची म्हणून विकलेल्या बाटलीत अणुयुगाचा कार्बन सापडला की खेळ खलास. ही चाचणी तुम्हाला घरी करता येत नाही, पण एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे: अलीकडे निघालेल्या, क्रमांक घातलेल्या बाटल्यांची नोंद डिस्टिलरीकडे असते. शंका आली तर क्रमांक कळवून विचारा.

गुंतवणूक म्हणून विचारणाऱ्यांना दोन वाक्यं. बाटल्यांचे भाव वर जातात तसे खालीही येतात, गेल्या काही वर्षांत अनेकांचे आले आहेत. आणि फोनवर कुणी आख्खं पिंप विकायला आलं, "दुप्पट परतावा" म्हणालं, तर फोन ठेवा.

५. हाताशी ठेवायचे कागद

- पासपोर्ट. दुकानात वयाचा पुरावा मागतात, पंचविशीच्या आत दिसत असाल तर हमखास. लिलावघराच्या नोंदणीलाही लागतो.
- ब्रिटनमधला पत्ता, जिथे बाटली सही करून घेणारा प्रौढ माणूस घरी असेल.
- मूळ बिल किंवा लिलावाची पावती, त्यावर बाटलीचा क्रमांक लिहून घ्या.
- प्रमाणपत्र आणि पेटीचे, बाटलीचे सर्व बाजूंनी फोटो, उघडण्याआधी काढलेले.
- विमा घेतला असेल तर त्याचा कागद.
- महाराष्ट्रात नेणार असाल तर दारू बाळगण्या-पिण्याचा परवाना. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो, फी किरकोळ आहे, वय पंचवीस पूर्ण हवं. बहुतेकांना हा लागतो हेच माहीत नसतं.

दोन स्थानिक गोष्टी पर्यटकांना अडवतात. स्कॉटलंडच्या दुकानांत दारूविक्री सकाळी दहा ते रात्री दहा एवढीच. आणि विमानतळावर व्हॅट परत मिळेल हा जुना समज सोडा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

६. भारतात आणायची तर

पार्सलने घरपोच मागवायचा विचार करू नका. अनेक लिलावघरं भारतात पाठवतच नाहीत, आणि पाठवली तरी कस्टममध्ये अडकलेली बाटली सोडवणं मनस्ताप आहे. कुणीतरी येणारं-जाणारं बघा आणि चेक-इन सामानात आणा. विमानाच्या नियमांनुसार २४ ते ७० टक्के ताकदीची दारू दर माणशी पाच लिटरपर्यंत, मूळ सीलबंद बाटलीत चालते. डिकँटरची पेटी लाकडी आणि जड असते, तिचं वजन आधी करा. पेटी वेगळ्या बॅगेत आणि डिकँटर कपड्यांत गुंडाळून दुसऱ्या बॅगेत, असं केलंत तरी चालेल, मात्र काचेचं बूच निराळं बांधा.

भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू आणता येते हे सगळ्यांना पाठ असतं. विसरतात ते हे की ती मापाची मर्यादा झाली. एकूण सामानाच्या किमतीची मर्यादा वेगळी असते आणि महागडी बाटली एकटीच ती पार करते. वरच्या रकमेवर शुल्क लागतं. मर्यादा आणि दर बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर बघा, बिल वर ठेवा आणि सरळ लाल मार्गाने (शुल्काचं सामान जाहीर करणाऱ्यांच्या) जा. हिरव्या मार्गाने जाऊन पकडलं गेल्यास शुल्कावर दंडही भरावा लागतो, शिवाय बाटली जप्त होण्याची भीती.

७. ठेवणं आणि उघडणं

वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की कायम उभी. तीव्र अल्कोहोल बुचाला लागून राहिलं तर बूच कुजतं. ऊन नको, ओटा नको, देवघराशेजारचं कपाट चालेल की नाही हे तुमच्या आईला विचारा. मुंबईच्या उन्हाळ्यात सगळ्यांत थंड भिंतीजवळ ठेवा आणि महिन्यातून एकदा पातळीवर नजर टाका.

उघडायचं ठरलं तर जुनं बूच मोडण्याची तयारी ठेवा: बारीक गाळणी, स्वच्छ कोरडी रिकामी बाटली आणि दुसरं एखादं चांगलं बूच जवळ हवं. पेला ट्यूलिपसारखा, तोंडाशी निमुळता. बर्फ आणि सोडा लांब. ओतल्यावर वीसेक मिनिटं तसाच राहू द्या, इतकी वर्षं कोंडलेल्या दारूला मोकळं व्हायला वेळ लागतो. मग एक घोट तसाच, आणि पुढच्याला दोन थेंब पाणी. तिखट चकणा त्या संध्याकाळी दुसऱ्या खोलीत ठेवा, फोडणीच्या वासापुढे अर्ध्या शतकाची व्हिस्कीसुद्धा टिकत नाही.

बाटली निम्म्यावर आली की आत हवा वाढते आणि सुवास उतरू लागतो. तेव्हा एक तर उरलेली छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर ज्यांना व्हिस्कीतलं कळतं अशा चौघांना त्याच महिन्यात बोलवा. मी दुसरा पर्याय सुचवेन. रिकामी बाटली, बूच आणि प्रमाणपत्र मात्र कुणाला देऊ नका. रिकाम्या दुर्मिळ बाटल्या विकत घेऊन त्यात भलतंच भरणारे लोक आहेत. टाकायचीच असेल तर लेबल फाडून टाका.